चार आकड्यांचं कुलूप

मागच्या वेळी भारतात गेलो तेव्हा बाबांच्या आयफोनला मी सहा आकडी पासकोड लावून दिला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तो एका चिठ्ठीवर लिहून कव्हरच्या आत सरकवलेला! "अरे, घाईत फोन करायचा तर आकडे आठवत बसू का?" नावामागे डॉक्टरेट असूनही मला उत्तर सुचलं नाही. असो. त्यावरून इथल्या कॅलिफोर्नियातल्या एका कुलपाची गोष्ट आठवली.

२ डिसेंबर २०१५ ला सॅन बर्नार्डिनो इथे एका जोडप्याने गोळीबार करून १४ जणांचा जीव घेतला. पोलिसांशी झालेल्या चकमकीत दोघंही मारले गेले. मागे उरला नवऱ्याचा आयफोन ५सी. खरं तर फोन त्याचा नव्हेच, तो नोकरीला होता त्या काउंटीचा. कुलूप मात्र त्याचं.

चार आकडे म्हणजे १०,००० शक्यता. एक आकडा तपासायला फोनला साधारण ८० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सगळे मिळून पाव तासाचंही काम नाही. पण काही चुकांनंतर वाट पाहायला लावायची आणि दहाव्या चुकीला सगळं पुसून टाकायचं, अशी सोय त्यात असते. शिवाय माहितीची किल्ली पासकोड आणि चिपमध्ये कोरलेला गुप्त आकडा मिळून बनते, त्यामुळे नुसती मेमरी काढून दुसऱ्या संगणकाला जोडून उपयोग नाही.

१६ फेब्रुवारी २०१६ ला न्यायालयाने ॲपलला हुकूम दिला की ही बंधनं काढणारं सॉफ्टवेअर बनवून द्या. आधार कुठला, तर १७८९ चा कायदा! वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले ते वर्ष. ॲपलने नकार दिला. असं हत्यार एकदा बनलं की ते एकाच फोनपुरतं राहत नाही, हे त्यांचं म्हणणं. काही मृतांचे नातेवाईक सरकारच्या बाजूने उभे राहिले, तर जखमी झालेल्या एका बाईंच्या नवऱ्याने ॲपलच्या बाजूने न्यायाधीशांना पत्र लिहिलं. मला दोन्ही बाजू पटतात, हीच पंचाईत.

२२ मार्चची सुनावणी झालीच नाही. आदल्या दिवशी सरकारने मुदत मागितली आणि २८ मार्चला, फोन उघडला म्हणून, खटला मागे घेतला. तो ऑस्ट्रेलियातल्या अझिमथ या छोट्या कंपनीने उघडून दिला, अशी बातमी वॉशिंग्टन पोस्टने २०२१ मध्ये दिली.

या गदारोळात एक गोष्ट बाजूलाच पडली. १९ ऑक्टोबर २०१५ पर्यंतचे आयक्लाउडवरचे बॅकअप ॲपलने आधीच देऊन टाकले होते! कारण त्यांची किल्ली कंपनीकडेच होती. गिऱ्हाईक पासवर्ड विसरलं तर त्याचे फोटो परत देता यावेत म्हणून. हल्ल्यानंतर फोन ओळखीच्या वायफायजवळ नेला असता तर नवा बॅकअपही कदाचित आपोआप झाला असता, पण एफबीआयच्या सांगण्यावरून काउंटीने आयक्लाउडचा पासवर्ड बदलला आणि ती वाट बंद झाली.

डिसेंबर २०२२ पासून तो बॅकअपही फक्त स्वतःच्या किल्लीने बंद करायची सोय अमेरिकेत मिळू लागली, नंतर इतर देशांत. मात्र किल्ली हरवली तर ॲपलही हात वर करतं. माझ्या फोनवर मी ती लावली आहे. बाबांच्या फोनवर नाही. चिठ्ठी तेवढी कव्हरमधून काढून आईच्या पोथीत ठेवून आलो.