गागोद्याचा विन्या पडद्यावर का नाही?

पेण म्हटलं की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात, फार तर पोहे-पापड. त्याच पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक नावाचं गाव आहे. 11 सप्टेंबर 1895 ला तिथे विनायक नरहर भावे जन्मले. आईचा 'विन्या', गांधीजींच्या आश्रमात गेल्यावर विनोबा. आता एक साधा प्रश्न. विनोबांवरचा एखादा गाजलेला सिनेमा सांगा बरं. माहितीपट सोडा. मालिका? आठवत नाही ना? मलाही नाही.

चरित्रपटांचा मी हावरा प्रेक्षक आहे. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (2000) पाहिलाय, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009) तर किती वेळा ते मोजलं नाही. रमाबाई रानड्यांवरची 'उंच माझा झोका' आमच्या घरी जेवणं थांबवून बघितली जायची. खरं सांगायचं तर माझा बराचसा इतिहास असाच पडद्यावरून आलाय. माझ्या वयाच्या बहुतेकांचा तसाच. म्हणूनच पडद्यावर कोण नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. जो पडद्यावर नाही तो आमच्या पिढीपुरता झालाच नाही!

योगायोग बघा. 15 नोव्हेंबर 1982 ला अन्न, पाणी, औषध सोडून विनोबा पवनारला गेले. त्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी, 30 नोव्हेंबरला, ॲटनबरोच्या 'गांधी'चा दिल्लीत प्रीमियर झाला. सिनेमात आपली माणसं आहेत. रोहिणी हट्टंगडींच्या कस्तुरबा, डॉ. लागूंचे गोखले, आणि कपडेपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या भानू अथय्या. पण 17 ऑक्टोबर 1940 ला ज्यांना गांधीजींनी पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडलं, ते विनोबा मला त्यात कुठे दिसले नाहीत. तीन तासांत सगळं बसत नाही, मान्य. पण मग पुढच्यांनी तरी?

बरं, गोष्टीत नाट्य नाही म्हणावं तर तसंही नाही. 1951 च्या एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी जमीन मागितली. विनोबांनी सभेत विचारलं, कोणी देईल का? रामचंद्र रेड्डी उठले आणि 100 एकर दिली. तिथून भूदान सुरू झालं आणि हा माणूस पुढे तेरा वर्षं देशभर चालत राहिला.

त्याहून भारी चंबळ. मानसिंग डाकूचा मुलगा तहसीलदारसिंग फाशीची शिक्षा होऊन तुरुंगात होता. त्याने विनोबांना निरोप धाडला, एकदा आमच्या भागात या. मेजर जनरल यदुनाथसिंग यांनी मध्यस्थी केली. मे 1960 मध्ये विनोबा भिंड-मोरेनाच्या दऱ्याखोऱ्यांत फिरले आणि वीस डाकूंनी त्यांच्यासमोर शस्त्रं ठेवली. माफीचं आश्वासन नव्हतं, कोर्टात उभं राहायचंच होतं. पोलीस मात्र नाराज होते. तिथले पोलीसप्रमुख रुस्तमजी (पुढे सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख) यांनी उघड टीका केली. डाकूंना असा मान मिळाला तर जीव धोक्यात घालून त्यांच्याशी लढणाऱ्या शिपायाने काय समजायचं? मला दोन्ही बाजू पटतात. आणि जिथे दोन्ही बाजू पटतात तिथेच चांगला सिनेमा असतो, असं आपलं माझं मत.

त्याच सुमारास राज कपूरचा 'जिस देश में गंगा बहती है' आला. डाकू, शरणागती, भोळा नायक, सगळं आहे. गाणी उत्तम, पद्मिनी उत्तम. पण सिनेमा शरणागतीला संपतो. खरा पेच त्यानंतर सुरू होतो, तो कोणी दाखवायचा?

मला वाटतं आपली अडचण वेगळी आहे. आपल्याला चरित्रपटात पुतळा लागतो, आणि विनोबांचा धड पुतळा होत नाही. भूदानात चाळीस लाखांहून जास्त एकर मिळाली, पण त्यातली बरीच नापीक निघाली, बरीच कागदावरच राहिली. आणीबाणीत ते मौनात होते, 'अनुशासन पर्व' हे दोनच शब्द लिहिले आणि सरकारने ते आपल्या प्रचाराला वापरले. लोक 'सरकारी संत' म्हणू लागले. आणि ज्या जयप्रकाशांनी 1954 मध्ये याच चळवळीला जीवनदान दिलं होतं, ते तेव्हा तुरुंगात! दोन जुने सोबती, एक कोठडीत आणि एक मौनात. यापेक्षा मोठा सीन कोणता लेखक लिहिणार? पण तो लिहायचा तर विनोबा चुकले का, हे विचारावं लागेल. तिथे भक्तही रागावणार आणि टीकाकारही.

एक गंमत सांगून थांबतो. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्या साने गुरुजींची 'श्यामची आई' अत्र्यांनी 1953 मध्ये पडद्यावर आणली, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलं, आणि 2023 मध्ये ती पुन्हा आली. म्हणजे लिहून घेणाऱ्याची गोष्ट दोनदा झाली. बोलणारा अजून वाट बघतोय.

कोणी करणार असेल तर एकच विनंती. संत दाखवू नका. गागोद्याचा विन्या दाखवा, त्याच्या चुकांसकट.