मद्य, वाहन आणि कायद्याचा शब्द

पंढरीची माळ घेणाऱ्यास मद्य वर्ज्य. ते ‘किती’ हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. पंढरपूरच्या वाटेवर दिंडीशेजारून मोटार हाकणाऱ्याच्या बाबतीत मात्र कायद्याने प्रथम नेमका हाच प्रश्न विचारला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या मूळ ११७ व्या कलमान्वये नुसते पिणे अपराध नव्हता. वाहनावर ताबा राहू नये ‘इतक्या’ अमलाखाली ते चालविणे हा अपराध होता. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सारा वाद त्या ‘इतक्या’ शब्दाभोवती फिरे. तोंडाचा वास, अडखळती जीभ, झोकांड्या ही त्याची प्रमाणे. आणि ती पाहणाऱ्याच्या वर्णनावर अवलंबून!

मुंबई दारूबंदी कायद्यात १९५९ च्या दुरुस्तीने रक्तातील मद्यार्काचे ०.०५ टक्के हे माप आले. परंतु ते प्राशनाच्या शाबितीसाठी होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या मूळ १८५ व्या कलमाने ‘कितीही अल्प’ मद्यार्क दंडनीय मानला. वारकऱ्याच्या नेमाच्या इतक्या निकट कायदा क्वचितच आला असेल. १९९४ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली, म्हणजे दारूबंदीच्या मापाहूनही कमी. पहिल्या अपराधाचा २,००० रुपयांपर्यंतचा दंड मात्र २०१९ च्या दुरुस्तीनेच १०,००० वर गेला.