अंगणाची सीमा

माणसाने स्वतःची काळजी वाहावी की दुसऱ्याची, हा तत्त्वज्ञानातील जुना प्रश्न आहे. मुळशी पेट्याचा इतिहास पाहिला म्हणजे प्रश्नाची ही मांडणीच अपुरी वाटू लागते.

पांडुरंग महादेव बापट १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले, युरोपात बाँबची विद्या शिकून परतले आणि पुढे पारनेर या आपल्या गावी झाडू घेऊन रस्ते झाडू लागले. यात विसंगती नव्हती. आपले अंगण सारेच झाडतात. बापटांनी अंगणाची सीमा गावाच्या वेशीपर्यंत नेली, इतकेच.

१९२१ साली ती मुळशीला पोहोचली. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनी तेथे धरण बांधीत होती. सुमारे ५० गावे आणि त्यांची आंबेमोहोराची भातखाचरे त्यात बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. मुळशीकर नसलेल्या बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली.

येथे एक गोष्ट आपण पुणेकरांनी विसरू नये. पेट्यातील बरीच जमीन सावकारांकडे गेली होती, आणि त्यांतील अनेकांचे वास्तव्य पुण्यात होते. त्यांना मोबदला मानवला. कसणाऱ्याला पैशाने गाव परत मिळणार नव्हते. हित दोघेही आपलेच पाहत होते. मग भेद कोठे? सावकाराचे हित एकट्याने साधणारे होते. मावळ्याचे हित शेजाऱ्यावाचून साधतच नव्हते.

चळवळ खचली. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी बांधकामाची आगगाडी अडविली व त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली. असे कृत्य सत्याग्रहात बसते काय, हा वाद राहिला. धरण पुरे झाले. त्याचे पाणी आजही घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते.

विजेची गरज खोटी नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. परंतु दिव्याची किंमत कोणी मोजली, हे विचारणे दिवा लावणाऱ्याचेच काम आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, म्हणजे मुळशीनंतर अर्धशतकाने. इतका विलंब झाला, कारण आपल्या अंगणाची सीमा आपण फार जवळ आखली होती. ती पुढे सरकविणे, हाच मनुष्यधर्म.