आयटीआय वेल्डर कोर्स: आठवी पासनंतर एका वर्षात काय शिकता येते?

सातारा जिल्ह्यातील लोणंद कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. पण इथे एमआयडीसीही आहे, आणि ट्रॉली, गेट, पत्र्याची शेड बनवायला वेल्डर लागतोच. अनेक मुले वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागतात. तिथे हात बसतो, पण कागद मिळत नाही. तो कागद आयटीआय देते.

पात्रता आणि प्रवेश
आठवी पास आणि किमान १४ वर्षे वय. कोर्स १ वर्षाचा. राज्यातील प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतात.

काय शिकवतात?
आर्क आणि गॅस वेल्डिंग, गॅस कटिंग, मग मिग आणि टिग. सोबत ड्रॉइंग वाचणे आणि जोडातील दोष ओळखणे. वरून चकचकीत दिसणाऱ्या जोडातही आत पोकळी असू शकते.

डोळ्यांची काळजी
आर्कच्या प्रकाशात अतिनील किरणे असतात. काच न लावता पाहिले, तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. साधा गॉगल पुरत नाही. वेल्डिंगची गडद काचच हवी.

पुढे काय?
अखिल भारतीय परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर कारखान्यात विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप करता येते. खासगी संस्थेत फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: शेवटी हे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार, की फक्त संस्थेचे?