नागासाकीच्या टेकडीवरील दुभाषा

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव वसईच्या ख्रिस्ती घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. भारतात जन्मलेले पहिले संत, एवढ्या परिचयावर आपण समाधान मानतो. ते दुभाषे होते, या गोष्टीकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात प्रेषितांच्या धैर्यासाठी जो ग्रीक शब्द येतो, त्याचा मूळ अर्थच मुळी आडपडदा न ठेवता बोलणे असा आहे. त्या अर्थाने या दुभाष्याचे चरित्र पुन्हा वाचण्याजोगे आहे.

इ. स. १५५७ च्या सुमारास वसईत त्यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. येशूसंघीयांपाशी शिक्षण घेऊन वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास ते त्यांच्याचबरोबर जपानला गेले. तेथे धर्मशिक्षकांचे साहाय्यक म्हणून वावरताना जपानी भाषा त्यांच्या जिभेवर रुळली. येशूसंघात प्रवेश मात्र मिळाला नाही. मग काही काळ त्यांनी व्यापार केला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साध्या धर्मबंधूचा झगा पत्करला. याजकपद त्यांना कधीच मिळाले नाही.

१५९३ मध्ये फिलिपाईन्सच्या गव्हर्नरांचे वकील म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानच्या हिदेयोशीकडे निघाले, तेव्हा बंधू गोन्सालो दुभाषे म्हणून त्यांच्यासोबत होते. हिदेयोशीने १५८७ मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. आता त्याला फिलिपाईन्सची शरणागती हवी होती, तर वकिलांना मैत्रीचा करार. अशा दोघांच्या मधोमध उभे राहून बोलणे म्हणजे काय, हे ज्याने सत्तेपुढे दुसऱ्याचे गाऱ्हाणे मांडले आहे तोच जाणेल.

फ्रान्सिस्कनांना राहण्याची मुभा मिळाली. क्योतो येथे त्यांनी चर्च बांधले, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उघडले आणि उघडपणे उपदेश सुरू केला. येशूसंघीयांना हे रुचले नाही. १५८७ च्या हुकुमानंतर त्यांनी गाजावाजा न करता काम चालू ठेवले होते आणि या उघडपणामुळे सर्वांवरच संकट ओढवेल अशी त्यांना भीती वाटत होती. दोन्ही संघांनी एकमेकांविरुद्ध तक्रारी लिहिल्या. आपल्या धर्मग्रामांतील मतभेदांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. माझ्या मते येशूसंघीयांची भीती भित्रेपणाची नव्हती. हजारो नवख्रिस्ती जनांची जबाबदारी त्यांच्या शिरावर होती.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यावर अडकले व त्यातील माल जप्त झाला. मिशनरी हे स्पेनच्या फौजेचे अग्रदूत आहेत, असे जहाजाचा सुकाणूधारी बोलून गेल्याची कथा आहे. तिची सत्यता तेव्हापासूनच वादग्रस्त ठरली. हिदेयोशीचा क्रोध मात्र खरा होता. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि पंधरा प्रापंचिक अशा चोवीस जणांच्या डाव्या कानाची पाळी क्योतो येथे कापण्यात आली. भर हिवाळ्यात, सुमारे महिनाभर, त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे त्यांच्यात सामील केले गेले. बारा वर्षांचा लुईस इबाराकी हा त्यांतला सर्वांत लहान.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. येशूसंघाचे पॉल मिकी यांनी क्रूसावरून जपानी भाषेत प्रवचन केले. बंधू गोन्सालो आपल्या क्रूसापाशी गुडघे टेकून त्याला बिलगले, असे सांगतात. मग भाले चालले. एकमेकांविरुद्ध तक्रारी लिहिणाऱ्या दोन्ही संघांचे रक्त एकाच मातीत मिसळले.

८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी या सव्वीस जणांना संतपद बहाल केले. त्यांच्याच नावाने नागासाकीत ओउरा येथे फ्रेंच मिशनऱ्यांनी चर्च उभारले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही शेतकरी तेथे आले आणि आपल्या सर्वांचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे एका स्त्रीने फादर पेतीजाँ यांच्या कानाशी हलकेच सांगितले. मग पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. सुमारे अडीचशे वर्षे धर्मगुरूंवाचून या कुटुंबांनी बाप्तिस्मा व प्रार्थना घरातल्या घरात जपल्या होत्या. दर वर्षी गावच्या मुखियाच्या घरी ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. ते पाय ठेवीत आणि घरी परतून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. यांना भित्रे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

कारण त्या कुजबुजीनंतर त्यांनी लपणे सोडले. बौद्ध मंदिराच्या विधीने दफन करण्यास नकार दिला. १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक माणसांना दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले. शेकडो तेथेच मरण पावली. १८७३ मध्ये बंदी उठली. उरलेली माणसे उजाड शेतांकडे परतली, आणि काही वर्षांनी पैसा पैसा जमवून त्यांनी चर्चसाठी जागा विकत घेतली. ती जागा मुखियाच्या त्याच घराची होती.