वजनाचे तिकीट

आगगाडीच्या स्टेशनावर एका कोपऱ्यात वजनाचे यंत्र उभे असे, ते पुष्कळ वाचकांना आठवत असेल. रंगीत दिव्यांची उघडझाप, आत गरगर फिरणारे चक्र, आणि नाणे टाकताच खट्‌कन खाली पडणारे जाड कागदाचे ते चिमुकले तिकीट! त्यावर वजन छापलेले असे आणि त्याच्या जोडीला स्वभावाचे नाहीतर भविष्याचे एखादे वाक्य. गाडी येईपर्यंत घरातली सारी मंडळी एकमेकांची तिकिटे वाचून हसत. बहुतेक स्टेशनांवरून ती यंत्रे आता गेली. मात्र माणसाचे वजन आणि माणसाचा स्वभाव एकाच तिकिटावर छापण्याची खोड काही गेली नाही. ती खोड यंत्राची नव्हतीच. ती आपली, माणसांची. आणि तिचा इतिहास स्टेशनापेक्षा फार जुना आहे.

या खोडीचा जाच काही स्त्रियांना विशेष सोसावा लागला. त्यांची ठेवण एकदा पाहिली की विसरत नाही. कमरेच्या वर अंगलट बेताची. कमरेखाली मात्र दोन्ही पाय सारखेच जाड, खांबासारखे. घोट्यापाशी ही चरबी एकाएकी थांबते, जणू तिथे कुणी वाळा घालून तिला अडवले आहे. खाली पाऊल पुन्हा सडपातळ. पाय दाबला तर दुखतो, जरासा ठेचाळला तरी काळानिळा पडतो, आणि संध्याकाळी जड होऊन जातो. अशी बाई जेवण कमी करते, चालायला जाते, उपास धरते. महिन्या-दोन महिन्यांत तिचा चेहरा उतरतो, गळ्याची हाडे दिसू लागतात. पाय मात्र जवळजवळ होते तसेच. मग भोवतालची माणसे म्हणतात, “चोरून खात असेल!”

या विकाराचे डॉक्टरी नाव लिपेडेमा. ग्रीक भाषेतील चरबी आणि सूज या अर्थाच्या दोन शब्दांची ती जोड आहे. हे नाव पडायला १९४० साल उजाडावे लागले. तोवर काय होते, ते पाहिले पाहिजे.

आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, तो निंद्य मानल्या गेलेल्या आठ प्रकारच्या शरीरांचा. अति उंच, अति ठेंगणा, अति काळा, अति गोरा अशा त्या यादीत अतिस्थूल माणूसही बसवलेला आहे. शरीर आणि निंदा यांची गाठ इतकी जुनी! परंतु चरकाला न्याय द्यायचा तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. स्थूलपणाची कारणे सांगताना त्याने जड व गोड खाणे, व्यायाम न करणे, दिवसा झोपणे ही नेहमीची कारणे दिली आहेत. तथापि त्याच यादीच्या शेवटी त्याने बीजाचा स्वभावही मोजला आहे. म्हणजे काही शरीरे जन्मतःच तशी घडतात, हे त्याला ठाऊक होते. पुढे लोकांनी दिवसाची झोप तेवढी लक्षात ठेवली आणि बीज विसरले.

आता विलायतेकडे वळू. विल्यम बँटिंग हा लंडनचा एक प्रतिष्ठित गृहस्थ. अंत्ययात्रेची व्यवस्था करणे हा त्याच्या घराण्याचा व्यवसाय. राजघराण्यातल्या अंत्यविधींचे कामही त्यांच्याकडे असे. बँटिंग साडेपाच फुटांच्या आतबाहेरचा आणि १८६२ साली त्याचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. बुटाचे बंद बांधता येईनात. जिना उतरायचा तर उलटे, पाठीकडून उतरावे लागे. त्याने नाव वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली. निरनिराळी स्नाने आणि औषधी पाणी झाले; उपयोग शून्य. अखेर ऐकू कमी येते म्हणून तो विल्यम हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वेने कानापेक्षा ताटाकडे लक्ष दिले. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात बँटिंगचे ४६ पौंड उतरले. आनंदाच्या भरात १८६३ साली त्याने स्वखर्चाने एक पत्रवजा पुस्तिका छापून वाटली, आणि ती इतकी गाजली की इंग्रजीत ‘बँटिंग करणे’ असे क्रियापदच तयार झाले. स्वीडिश भाषेत तर वजन उतरवण्यासाठी बेताने खाण्याला आजही ‘बांता’ म्हणतात.

बँटिंग प्रामाणिक होता. त्याला गुण आला हे खरे आणि त्याच्यासारख्या पुष्कळांना येतो हेही खरे. घोटाळा झाला तो पुढे. एकाला पथ्याने गुण आला, तेव्हा ज्याला येत नाही त्याने पथ्यच पाळले नसले पाहिजे, असा हिशेब लोक मांडू लागले. १९१८ साली अमेरिकेत लुलू हंट पीटर्स या डॉक्टरीणबाईंनी कॅलरी मोजण्याचे पुस्तक लिहिले. पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरींचा पाव म्हणा, अशी त्यांची शिकवण. बाई स्वतः एकेकाळी स्थूल होत्या, त्यामुळे त्यांच्या लेखणीत आपुलकी होती. पुस्तक घरोघर गेले. पण जमाखर्चाची वही एकदा घरात आली की शिल्लक न जुळणारा माणूस चोर ठरतो! ज्या स्त्रियांचे पाय त्या वहीला जुमानीत नव्हते, त्या खोट्या पडल्या.

या स्त्रियांसारख्याच दुसऱ्या काही रुग्णांचे म्हणणे एका माणसाने त्याआधीच ऐकले होते. फिलाडेल्फियाचे मज्जाविकारतज्ज्ञ फ्रान्सिस डर्कम यांनी १८९२ साली तीन रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. वरून पाहता साधा लठ्ठपणा, पण ती चरबी दुखत होती. चरबी दुखते म्हणजे काय, म्हणून ती तक्रार सहज उडवून लावता आली असती. डर्कमनी तिला वेगळ्या रोगाचे स्थान दिले. हा विकार लिपेडेमाहून निराळा समजला जातो. तरीही चरबी सगळी एकाच जातीची नसते, ही गोष्ट त्यामुळे वैद्यकाच्या दप्तरात नोंदली गेली.

आणि मग १९४० साल आले. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक ही नामांकित संस्था आहे. तिथे एडगर अ‍ॅलन आणि एडगर हाइन्स हे दोघे डॉक्टर रक्तवाहिन्यांचे विकार पाहत. अ‍ॅलन यांचे नाव आपल्याकडच्याही डॉक्टरांना परिचित आहे. मनगटापाशी धमन्या दाबून हाताचा रक्तपुरवठा तपासण्याची रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सुजलेले पाय घेऊन या दोघांकडे अनेक रुग्ण येत. त्यांतल्या काही स्त्रियांचे पाय नेहमीच्या कोणत्याच सुजेच्या व्याख्येत बसेनात. दोन्ही पाय सारखे, पाऊल मोकळे, उभे राहिल्याने आणि उन्हाळ्यात त्रास अधिक. या दोघांनी ते चित्र नीट मांडले आणि त्याला लिपेडेमा हे नाव दिले. १९५१ साली वोल्ड या सहकाऱ्यासह त्यांनी ११९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या काहींच्या घराण्यातही अशीच ठेवण होती. चरकाचे ते विसरलेले बीज असे परत वर आले.

यात दुर्मिळ यंत्र नव्हते की नवे औषध नव्हते. डोळे होते, हात होते आणि रोग्याचे बोलणे खरे असू शकेल हे मानण्याची तयारी होती. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

उपायांची कथाही मनोवेधक आहे. कॉनराड जोब्स्ट नावाचा एक इंजिनीअर ओहायोतील टोलेडो गावी राहत असे. त्याला स्वतःला पायांच्या शिरांचे दुखणे होते. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्याच्या ध्यानी आले. पाणी जितके खोल तितका दाब अधिक. म्हणजे घोट्याला सर्वांत जास्त, वर वर कमी. तोच दाब देणारे पायमोजे त्याने बनवले. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यावर पाय हलके होतात, हे आपल्या आयाबायांना काही नवे नव्हते. त्याचा पायमोजा करणे मात्र इंजिनीअरला सुचले. दाबाचे असे मोजे आणि पाण्यातला व्यायाम यांनी लिपेडेमाच्या वेदना सुसह्य होतात. चरबी शोषून घेण्याची शस्त्रक्रियाही पुढे आली; जर्मनीत २०२० सालापासून तिसऱ्या पायरीच्या रुग्णांना तिचा खर्च सार्वजनिक विम्यातून मिळू लागला. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र जागा दिली, ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. नावापासून या जागेपर्यंत ऐंशीहून अधिक वर्षे गेली!

आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. विदर्भातल्या अनेक जिल्ह्यांना हत्तीरोग ठाऊक आहे, त्यामुळे जाड पाय म्हणजे हत्तीरोग असा समज चटकन होतो. परंतु हत्तीरोगात बहुधा पाऊलही सुजते आणि पुष्कळदा एकच पाय मोठा दिसतो. लिपेडेमात पाऊल सुटते आणि पाय जोडीने वाढतात. निदान डॉक्टरांनीच करावे. मात्र हा भेद कानी असला तर एखादीची वर्षे वाया जाणार नाहीत.

मग वजन उतरवण्याचा खटाटोप सोडून द्यावा काय? मुळीच नाही. या विकाराच्या जोडीला साधा लठ्ठपणाही असू शकतो आणि तो कमी झाला की गुडघ्यांचे ओझे उतरते, श्वास मोकळा होतो, चालणे सुधारते. पायांवरची चरबी मुळीच हलत नाही, असे पूर्वी सरसकट सांगत. तेही तितकेसे खरे नाही, थोडी उतरते. पण ठेवण बहुधा तशीच राहते. म्हणून अशा स्त्रीने काट्याला विचारायचा प्रश्नच बदलावा लागतो. “पाय बारीक झाले का?” याऐवजी “काल जिना चढताना जेवढे दुखले, तेवढे आज दुखले का?” असे विचारावे लागते. पहिल्या प्रश्नाने ती रोज हरते. दुसऱ्याने कधी कधी जिंकते, आणि दीर्घकाळच्या आजारात कधी कधी जिंकणे हे थोडे नव्हे.

दिवाळीचे चार दिवस आता सारी भावंडे एकत्र येतील. चकल्यांचा डबा फिरेल, अनारशांची वाखाणणी होईल. कुणी मावशी, कुणी वहिनी “मला नको” म्हणून डबा पुढे सरकवील, आणि दुसरे कुणी डोळे मिचकावून म्हणेल, “एवढा संयम, मग हे पाय असे कसे?” त्या क्षणी स्टेशनावरचे ते यंत्र आठवावे. त्याने छापलेले वजन बहुधा बरोबर असे. त्याच्या जोडीचे स्वभाववर्णन मात्र कुणीतरी आधीच छापून ठेवलेले असे. ज्याने नाणे टाकले, त्याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नसे.