बारा खाने इकडे, बारा खाने तिकडे

आजचा विषय व्याकरणाचा वाटेल, पण एपिसोड इतिहासाचाच आहे. लगेच स्किप करू नका.

'आय हॅड कम्प्लीटेड माय बीटेक इन २०१९.' आपल्या यवतमाळ-अमरावतीकडची पोरं पुण्यात इंटरव्ह्यूला आली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. ऐकणारा थांबतो, कारण इंग्रजीत 'हॅड कम्प्लीटेड' म्हटलं की पुढे आणखी एखादी घटना येणार असते. बोलणाऱ्याचं मात्र सांगून झालेलं असतं. दोघंही एकमेकांकडे बघत बसतात! गंमत म्हणजे मराठीत हेच वाक्य अगदी बरोबर आहे : 'मी २०१९ला बीटेक केलं होतं.' मग घोळ कुठे आहे?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. मराठीची बरीच व्याकरणं इंग्रजांच्या काळात छापली गेली. विल्यम कॅरीनं बंगालमधल्या सेरामपूरहून १८०५ साली मराठीचं व्याकरण काढलं, पण ते इंग्रजीत होतं. मराठी माणसानं मराठीत लिहिलेलं गाजलेलं पुस्तक म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं, साल १८३६. दादोबांसमोर नमुना होता लिंडली मरेच्या इंग्रजी व्याकरणाचा. मरेचं पुस्तक १७९५ सालचं, त्या काळातलं बेस्टसेलर. म्हणजे आपल्या भाषेचे काळ मोजायला घेतलेली फूटपट्टी बऱ्याच अंशी इंग्रजी होती.

आणि खुद्द मरेकडे काळ होते फक्त सहा. 'हॅड बीन डूइंग'साठी त्याच्या यादीत वेगळा खानाच नव्हता! आज शाळेत भिंतीवर दिसणारा बारा खान्यांचा तक्ता नंतरचा. आपल्याकडे तो घरोघरी नेला १९३०च्या दशकात मुंबईहून निघालेल्या रेन आणि मार्टिनच्या पुस्तकानं. यातला रेन म्हणजे 'बो जेस्ट' ही साहसकादंबरी लिहिणारा पी. सी. रेन. तो इथल्या शिक्षणखात्यात नोकरीला होता.

मराठी शाळेतही बाराच खाने. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. इंग्रजीचेही चार : सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस. बारा गुणिले एक बरोबर बारा, जुळलं! आपण दोन्ही तक्ते शेजारी ठेवतो आणि इथेच फसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन डेटाबेसच्या कॉलमची संख्या सारखी आहे म्हणून मॅपिंग करून टाकल्यासारखं. चौथा कॉलम बघा. मराठीतला रीती भूतकाळ म्हणजे 'तो रोज खात असे', म्हणजेच 'यूज्ड टू ईट'. 'हॅड बीन ईटिंग'शी त्याचं काही नातं नाही. तिसरा कॉलम तर आणखी फसवा, कारण तो जुळल्यासारखा दिसतो. मराठीत 'केलं होतं' म्हणायला दुसरी घटना लागत नाही. गोष्ट मागे पडली, एवढं पुरतं. 'काल मी पुसदला गेलो होतो' यात काही अधुरं नाही. इंग्रजीत तिथे 'वेंट'च हवं.

आता जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. १९३०. गांधीजी दांडीला पोचले, ६ एप्रिलला मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? इथे लोकांना काचत होता तो जंगलाचा कायदा. तेव्हा वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलैला पुसदला राखीव जंगलातलं गवत विनापरवाना कापून सत्याग्रह केला. आपण मराठीत सहज म्हणू, 'अण्यांनी १९३० साली जंगल सत्याग्रह केला होता.' इंग्रजीत तारखेसकट एकच घटना सांगायची असेल तर नुसतं 'अणे कट ग्रास'. 'हॅड' नको.

'हॅड' कधी? १० जुलैच्या त्या सकाळी उभं राहून आणखी मागे बघाल तेव्हा. गांधीजींना मे महिन्यातच अटक झाली होती : 'द पोलीस हॅड अरेस्टेड गांधी.' एकदा झालं, संपलं. आणि देशभर लोक एप्रिलपासून मिठाचा कायदा मोडतच होते : 'पीपल हॅड बीन ब्रेकिंग द सॉल्ट लॉ फॉर थ्री मंथ्स.' हे चालू होतं, म्हणून 'बीन' आणि 'आयएनजी'. किती झालं हे मोजायचं असेल तर साधा परफेक्ट : 'दे हॅड कट टेन बंडल्स.' किती वेळ चाललं होतं, किंवा हात का खरचटलेत हे सांगायचं असेल तर 'दे हॅड बीन कटिंग ग्रास'. पेंढ्या मोजताना कोणी 'हॅड बीन कटिंग टेन बंडल्स' म्हणत नाही.

प्रमाण मराठीत या दोन्हींतला फरक क्रियापदात नीट दिसत नाही. 'कापत होते' म्हटलं की 'वेअर कटिंग' पण तेच आणि 'हॅड बीन कटिंग' पण तेच. मोरो केशव दामल्यांनी १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त आधीच्या व्याकरणांची कसून झडती घेतली, पण शाळेच्या भिंतीवर राहिला तो तक्ताच.

पण आपल्या वऱ्हाडीत एक सोय आहे, जिच्यावर पुण्यात पोरं हसतात. 'मी तीन घंट्यापासून वाट पाहून राहिलो होतो.' नीट ऐका : 'राहिलो होतो' हा पूर्ण भूतकाळ, आणि 'पाहून राहणं' म्हणजे चालू असणं. दोन्ही एकाच क्रियापदात! 'आय हॅड बीन वेटिंग' याहून जवळ जात नाही. अर्थात 'पाहून राहिलो होतो' साध्या 'वॉज वेटिंग'लाही चालतं, त्यामुळे सोबत 'पासून' आणि मग घडलेली दुसरी घटना आहे का ते तपासा : 'तीन घंट्यापासून वाट पाहून राहिलो होतो, तेव्हा कुठं एसटी आली.'

हीच चाचणी उलटीही चालते. 'मला तो लहानपणापासून माहीत होऊन राहिला होता' असं आपल्याकडे कोणी बोलतं का? नाही ना. म्हणून तिथे 'हॅड बीन नोइंग' नाही, 'हॅड नोन'.